मानसिक आरोग्य, मासिक पाळी आणि प्रजननक्षमता

मानसिक आरोग्य, मासिक पाळी आणि प्रजननक्षमता यांचा परस्परसंबंध हा स्त्रीरोगशास्त्र, अंतःस्रावशास्त्र आणि मानसोपचारशास्त्र या तीन शाखांना जोडणारा विषय आहे. तीव्र अथवा दीर्घकाळ टिकणारा मानसिक ताण, नैराश्य, चिंताविकार व आहारविकार यांमुळे पाळी लांबणे, अनियमित होणे किंवा काही महिने बंद राहणे असे बदल घडू शकतात. हा संबंध उलट दिशेनेही असतो. पाळीचे विकार आणि वंध्यत्व यांमुळे स्त्रीचे, तसेच तिच्या जोडीदाराचे मनःस्वास्थ्य ढासळू शकते. मात्र पाळीच्या प्रत्येक तक्रारीचे मूळ मनात नसते. गर्भधारणा, थायरॉइडचे विकार, पीसीओएस, गर्भाशयातील गाठी इत्यादी कारणे आधी तपासून पाहणे आवश्यक असते.

पश्चिम महाराष्ट्रातील सातारा व सांगली या जिल्ह्यांत ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर, नोकरी-व्यवसायानिमित्त पतीचा दीर्घ परगाववास, अवर्षण व महापूर, तसेच मुलगाच हवा हा आग्रह यांमुळे या विषयाला वैद्यकीय बाजूइतकीच ठळक सामाजिक बाजूही लाभली आहे.

बोलीभाषेतील शब्द

मराठीत मासिक पाळीचा उल्लेख आडवळणाने करण्याची रीत जुनी आहे. ‘कावळा शिवणे’, ‘बाहेरची होणे’, ‘अडचण येणे’, ‘विटाळ’ हे शब्दप्रयोग त्यातूनच रूढ झाले. तक्रार स्पष्ट शब्दांत सांगण्याचा संकोच असल्याने अनेक मुली पाळी चुकल्याचे महिनोन्‌महिने घरी सांगत नाहीत. अपत्यहीनतेसाठी ‘वांझ’, ‘वांझोटी’ हे शब्द केवळ स्त्रीलाच लावले जातात. पुरुषासाठी वापरले जाणारे ‘षंढ’, ‘नपुंसक’ यांसारखे शब्द लैंगिक असमर्थता दर्शवतात, अपत्यहीनता नव्हे. बोलीतील ही विषमता वंध्यत्वाचा दोष स्त्रीच्या माथी मारण्याच्या सामाजिक प्रवृत्तीशी सुसंगत आहे.

शरीरक्रिया

मासिक पाळीचे नियंत्रण मेंदूपासून सुरू होते. मेंदूच्या तळाशी असलेला अधश्चेतक (हायपोथॅलॅमस) हा भाग ठरावीक अंतराने, ठोक्याठोक्याने एक संप्रेरक सोडतो. त्याच्या प्रभावाने पियूषिका ग्रंथीतून एफएसएच व एलएच ही संप्रेरके रक्तात येतात. ती अंडाशयातील बीजपुटिकेची वाढ घडवतात आणि अंडोत्सर्जन होते. अंडाशयातून स्रवणारी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके गर्भाशयाचे अस्तर तयार करतात. गर्भधारणा न झाल्यास त्यांचे प्रमाण घटते, अस्तर गळून पडते आणि रक्तस्राव होतो.

प्रौढ स्त्रीमध्ये एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून दुसऱ्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत साधारणतः २४ ते ३८ दिवसांचे अंतर असते आणि रक्तस्राव ८ दिवसांपर्यंत राहतो. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हे अंतर २१ ते ४५ दिवसांपर्यंत असू शकते.

अंडोत्सर्जनानंतरचा काळ बहुतेक स्त्रियांत सुमारे दोन आठवड्यांचा व बराचसा स्थिर असतो. कमीजास्त होतो तो अंडोत्सर्जनापूर्वीचा काळ. परीक्षा, घरातील मृत्यू किंवा आजारपण यांचा ताण अंडोत्सर्जनापूर्वी आला, तर अंडोत्सर्जन लांबते आणि त्याबरोबर पाळीही लांबते. तोच ताण अंडोत्सर्जनानंतर आला, तर पाळीच्या तारखेवर त्याचा परिणाम सहसा अल्प असतो. एकाच संकटाला सामोऱ्या गेलेल्या दोन बहिणींपैकी एकीची पाळी चुकते आणि दुसरीची वेळेवर येते, यामागे हेही एक कारण असू शकते.

ताणाचा परिणाम

ताणाच्या प्रसंगी अधश्चेतकातून सीआरएच हे संप्रेरक स्रवते. त्यामुळे अखेरीस अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. संकटाशी झुंजण्यास शरीर यामुळे सज्ज होते. परंतु ही यंत्रणा दीर्घकाळ चालू राहिल्यास प्रजननाशी संबंधित संप्रेरकांचे ठोके मंदावतात. बीजपुटिकेची वाढ अपुरी राहते व अंडोत्सर्जन लांबते अथवा होतच नाही.

अन्य कोणताही शारीरिक दोष नसताना केवळ मानसिक ताण, अपुरा आहार, अतिव्यायाम किंवा या तिन्हींच्या एकत्रित परिणामाने पाळी बंद राहिल्यास त्या अवस्थेस कार्यात्मक अधश्चेतकीय अनार्तव असे म्हणतात. यात इस्ट्रोजेनचे प्रमाण कमी राहिल्याने हाडांची घनता घटते. म्हणून ‘पाळी नाही तर कटकट नाही’ असे मानून ही अवस्था दुर्लक्षित ठेवणे घातक ठरते.

दुसऱ्या महायुद्धातील छळछावण्यांत डांबलेल्या अनेक स्त्रियांची पाळी बंद पडल्याच्या नोंदी आहेत. १९४४–४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पडलेल्या दुष्काळानंतर तेथील जन्मांची संख्या लक्षणीय घटली होती. अशा प्रसंगांत भीती आणि उपासमार यांचे परिणाम एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

ग्रामीण महाराष्ट्रात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींच्या बाबतीत हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. पहाटेचा धावण्याचा सराव, दिवसभर अभ्यासिका, अपुरे जेवण व झोप आणि ‘यंदा निवड झाली नाही तर लग्न’ असा घरचा तगादा या सर्वांचा भार एकाच शरीरावर पडतो. श्रमाच्या मानाने अन्न अपुरे पडल्याने खेळाडूंच्या पाळीवर, हाडांवर व मनावर होणाऱ्या परिणामांकडे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये लक्ष वेधले. सराव करणाऱ्या मुलीची पाळी सलग तीन महिने न आल्यास तो सरावाचा स्वाभाविक परिणाम न मानता वैद्यकीय तपासणी करावी, असे सांगितले जाते.

मानसिक विकार आणि पाळी

नैराश्य व चिंताविकार: या विकारांत झोप, भूक व वजन यांत बदल होतात आणि त्यांचा परिणाम पाळीवर होतो. पाळीतील वेदनाही या अवस्थेत अधिक तीव्रतेने जाणवू शकतात.

आहारविकार: वजन वाढण्याच्या भयाने अन्न टाळणाऱ्या मुलींमध्ये पाळी बंद पडणे ही नेहमी आढळणारी बाब आहे. वजन पूर्ववत झाल्यानंतरही पाळी परत येण्यास काही महिने लागू शकतात.

पाळीपूर्व तीव्र मनःस्थितीविकार: पाळीपूर्वी किरकोळ चिडचिड किंवा उदासपणा अनेकींना जाणवतो. काही थोड्या स्त्रियांत मात्र पाळीपूर्वीच्या आठवड्यात तीव्र नैराश्य, संताप, रडू कोसळणे, क्वचित आत्महत्येचे विचार येणे अशी लक्षणे दिसतात आणि पाळी सुरू होताच ती ओसरतात. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या विकारसूचीत (डीएसएम-५) या अवस्थेला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. निदानासाठी किमान दोन पाळीचक्रांत लक्षणांची रोज नोंद ठेवावी लागते. हा विकार उपचारसाध्य आहे.

पीसीओएस: अनियमित पाळी, चेहऱ्यावरील केस, मुरुमे व वजनवाढ ही या विकाराची लक्षणे आहेत. त्याचे कारण मानसिक नसून संप्रेरकांशी व चयापचयाशी संबंधित आहे. परंतु या विकाराच्या स्त्रियांत नैराश्य व चिंता यांचे प्रमाण अधिक आढळते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पीसीओएसच्या प्रत्येक रुग्णाची नैराश्य व चिंता यांसाठी चाचपणी करणे अपेक्षित आहे.

औषधांचा परिणाम: रिस्पेरिडोनसारख्या काही मनोविकारविरोधी औषधांमुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून पाळी थांबू शकते. व्हॅल्प्रोएट या औषधामुळे गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असल्याने अपत्यप्राप्तीच्या वयातील स्त्रियांना ते देताना विशेष दक्षता घेतात. अशी औषधे रुग्णाने वा नातेवाइकांनी परस्पर बंद करू नयेत, कारण मूळ आजार उलटण्याचा धोका असतो. पर्यायी औषध देणे डॉक्टरांना बहुधा शक्य असते.

प्रजननक्षमतेवरील परिणाम

बारा महिने नियमित व असुरक्षित शरीरसंबंध असूनही गर्भधारणा न होणे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची वंध्यत्वाची व्याख्या आहे. संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के, म्हणजे दर सहांपैकी एका प्रौढ व्यक्तीला आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाचा अनुभव येतो.

ताणामुळे अंडोत्सर्जन थांबल्यास गर्भधारणा होत नाही, हे स्पष्ट आहे. पाळी नियमित असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत मात्र संशोधनाचे निष्कर्ष संमिश्र आहेत. अमेरिकेतील टेक्सस व मिशिगन या राज्यांतील ५०१ जोडप्यांच्या अभ्यासाचे ताणाविषयीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. लाळेतील अल्फा-अमायलेज या ताणदर्शक घटकाचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या गटात गर्भधारणेची शक्यता २९ टक्क्यांनी कमी आढळली. त्याच अभ्यासात कॉर्टिसॉलशी असा संबंध दिसला नाही. याउलट २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४ अभ्यास व ३,५८३ स्त्रियांचा समावेश असलेल्या एकत्रित विश्लेषणात असे आढळले की, उपचारापूर्वीच्या मानसिक अस्वस्थतेचा कृत्रिम गर्भधारणा उपचाराच्या यशापयशाशी संबंध नव्हता.

या निष्कर्षांवरून एवढे म्हणता येते की, ताण हा गर्भधारणा लांबवणारा एक घटक असू शकतो, परंतु उपचार अयशस्वी ठरल्यास ‘तू फार काळजी करतेस म्हणून मूल राहत नाही’ असे स्त्रीला सुनावण्यास शास्त्रीय आधार नाही. ताणावरील उपचार स्त्रीला बरे वाटावे यासाठी योग्यच आहेत. अपत्यप्राप्तीची अट म्हणून ते लादणे योग्य नाही.

पुरुषांमध्येही दीर्घ ताण, नैराश्य, मद्यपान व तंबाखू यांमुळे कामेच्छा, ताठरता व वीर्याचा दर्जा यांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून तपासणीचा आरंभ दोघांपासून एकाच वेळी व्हावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. वीर्यतपासणी ही तुलनेने सोपी व स्वस्त चाचणी आहे. तरीही पत्नीच्या अनेक तपासण्या झाल्यावर पतीची तपासणी होते, असा प्रकार वारंवार दिसतो.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील संदर्भ

ऊसतोडणी व गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया

कृष्णाकाठचा कराड, वाळवा, पलूस हा भाग उसाचा व साखर कारखान्यांचा आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, तोडणी कामगारांच्या टोळ्या या भागात येतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ फेडेपर्यंत काम सोडता येत नाही आणि कामावर न गेलेला दिवस ‘खाडा’ म्हणून कापला जातो. फडालगतच्या कोपीत न्हाणीघर वा शौचालय नसते. त्यामुळे पाळीच्या दिवसांतही विश्रांती मिळत नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी, अतिरक्तस्राव अशा औषधाने बऱ्या होऊ शकणाऱ्या तक्रारींवरही ‘पिशवी काढण्याचा’ सल्ला दिला गेल्याचे, तसेच कर्करोगाची भीती घातली गेल्याचे अनेक स्त्रियांनी सांगितले.

गर्भाशय काढल्याने पाळी व गर्भधारणा कायमची थांबते. त्याबरोबर अंडाशयेही काढल्यास स्त्रीला अकाली रजोनिवृत्ती येते. अंगातून वाफा निघणे, झोप उडणे, उदासी, हाडे ठिसूळ होणे हे तिचे परिणाम आहेत. खाडा पडण्याची धास्ती, कर्ज आणि वेदना यांच्या दडपणाखाली घेतलेला हा निर्णय परत फिरवता येत नाही. प्रकरण उजेडात आल्यानंतर बीडमधील खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले.

पतीचा परगाववास

सातारा जिल्ह्याला सैनिकी परंपरा आहे. अपशिंगे (मिलिटरी) हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. पाटण व जावळी भागातील अनेक पुरुष मुंबईत माथाडी म्हणून काम करत आले आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक सोने-चांदी शुद्ध करण्याच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरले आहेत.

एका चक्रात गर्भधारणेची शक्यता अंडोत्सर्जनाचा दिवस व त्यापूर्वीचे पाच दिवस अशी केवळ सुमारे सहा दिवस असते. पती वर्षातून एक-दोनदाच रजेवर येत असेल, तर विवाहाला तीन वर्षे होऊनही प्रत्यक्षात सहवास काही आठवड्यांचाच ठरतो. अशा जोडप्याला व्याख्येनुसार वंध्यत्व आहे असे म्हणता येत नाही. तरीही सासर-माहेरची विचारणा, डोहाळजेवण वा बारशाच्या प्रसंगी दूर ठेवले जाणे, नवसायास आणि दुसऱ्या लग्नाची कुजबुज यांना पत्नीला तोंड द्यावे लागते. डॉक्टरांनी ‘लग्नाला किती वर्षे झाली’ यापाठोपाठ ‘एकत्र किती राहता’ हेही विचारणे म्हणूनच महत्त्वाचे असते.

मुलाचा आग्रह

केवळ अपत्य नव्हे, तर मुलगाच हवा हा आग्रह स्त्रीच्या मनावर निराळे दडपण आणतो. सातारा जिल्ह्यात नको असताना जन्मलेल्या मुलींना ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावे ठेवण्याची प्रथा होती. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात झालेल्या नामकरण समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे गर्भपातादरम्यान एका विवाहितेचा मृत्यू झाल्यानंतर पुरलेले १९ भ्रूण सापडले. अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, ही शालेय पुस्तकातील माहिती असूनही मुलगी झाल्याचा दोष आईलाच दिला जातो. वारंवारच्या गर्भपातांनी शरीराची हानी होते. पुढील गर्भधारणेची भीती, अपराधभाव व नैराश्य हे त्याचे मानसिक परिणाम आहेत.

अवर्षण आणि महापूर

माण, खटाव, जत व आटपाडी हे तालुके अवर्षणप्रवण आहेत, तर कृष्णाकाठच्या गावांना पुराचा धोका असतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली शहरासह मिरज, पलूस व वाळवा तालुक्यांतील हजारो कुटुंबांना घर सोडावे लागले. आपत्तीनंतर पाळी काही काळ अनियमित होणे अनपेक्षित नसते. निवारा शिबिरांतील खाजगीपणाचा व सॅनिटरी पॅडचा अभाव स्त्रियांच्या त्रासात भर घालतो.

अंधश्रद्धा आणि कायदा

मूल न होण्यामागे करणी, कोप किंवा पूर्वजांचा शाप असल्याचे सांगून बुवाबाजी करणारे लोक निराश जोडप्यांचा गैरफायदा घेतात. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने याविरुद्ध दीर्घकाळ काम केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात आला. अलौकिक शक्तीने मातृत्व देण्याचे आमिष दाखवून अपत्यहीन स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हा या कायद्यान्वये गुन्हा आहे. दाभोलकरांनी साताऱ्यात स्थापन केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्ती व मानसिक आरोग्य या क्षेत्रांत कार्यरत आहे.

निदान

पाळी चुकल्यास सर्वप्रथम गर्भधारणेची चाचणी करतात. त्यानंतर थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन यांच्या रक्तचाचण्या आणि आवश्यकतेनुसार सोनोग्राफी केली जाते. वजनातील बदल, आहार, व्यायाम, झोप, चालू औषधे व घरातील परिस्थिती यांची माहिती घेतली जाते. कौटुंबिक हिंसाचाराविषयीची विचारणा सासू वा पती समोर नसताना करणे आवश्यक असते. शारीरिक कारणे वगळल्यानंतरच ताण हे प्रमुख कारण मानले जाते.

नियमित असलेली पाळी तीन महिने बंद राहणे, पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरू न होणे, अतिरक्तस्राव, दोन पाळ्यांच्या मधे किंवा रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होणे या स्थितींत डॉक्टरांचा सल्ला घेणे गरजेचे आहे. मूल हवे असल्यास एक वर्षाच्या प्रयत्नांनंतर, तर स्त्रीचे वय ३५ पेक्षा अधिक असल्यास सहा महिन्यांनंतर तपासणी सुचवली जाते.

उपचार

उपचार कारणानुसार ठरतात. ताणजन्य अनार्तवात पुरेसा आहार, व्यायामात घट, झोप आणि समुपदेशन यांवर भर असतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात अशा १६ स्त्रियांचे दोन गट करण्यात आले. बोधात्मक वर्तनोपचार मिळालेल्या ८ पैकी ६ जणींत २० आठवड्यांत अंडोत्सर्जन पुन्हा सुरू झाले. केवळ निरीक्षणाखाली ठेवलेल्या ८ पैकी ६ जणींत अंडाशयाचे कार्य पूर्ववत झाले नाही. अभ्यास लहान असला तरी मनावरील उपचाराने अंडाशयाचे कार्य पूर्ववत होऊ शकते, हे त्यातून दिसले.

नैराश्य व चिंताविकारांसाठी मानसोपचार व औषधे दोन्ही उपलब्ध आहेत. गर्भधारणेचे नियोजन असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ यांनी मिळून औषधे ठरवणे इष्ट असते.

उपलब्ध सेवा

सातारा येथील क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय, १९६२ मध्ये स्थापन झालेले मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला संलग्न सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय ही या भागातील प्रमुख शासकीय रुग्णालये आहेत. कराड येथे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. गावपातळीवर आशा सेविका व प्राथमिक आरोग्य केंद्र हा पहिला संपर्क असतो. किशोरवयीन मुलामुलींसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम राबवला जातो.

मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य समुपदेशन मिळते आणि मराठीतून बोलता येते. घरात बोलण्याची सोय नसलेल्या स्त्रीला शेतातून किंवा कामाच्या ठिकाणाहूनही या सेवेशी संपर्क साधता येतो.